शाळेच्या विजेचा हिशेब

उन्हाळ्याची सुटी लागली, निकालपत्रके वाटून झाली, वर्गांना कुलपे लागली आणि मैदानावरचा शेवटचा गलकाही विरून गेला, म्हणजे शाळेच्या इमारतीतला विजेचा खप शून्यावर यावा, निदान शून्याच्या आसपास तरी यावा, अशी कोणाही व्यवहारी माणसाची अपेक्षा असते; परंतु मे महिन्याचे बिल कार्यालयाच्या टेबलावर येते तेव्हा पुष्कळ ठिकाणी असे आढळते की रक्कम कमी झाली असली तरी अपेक्षेइतकी मुळीच कमी झालेली नाही. शिपाई शपथेवर सांगतो की महिनाभरात एकाही वर्गातला पंखा फिरला नाही. लिपिकाला मीटरचा संशय येतो. मुख्याध्यापकांसमोर प्रवेशाची, पाठ्यपुस्तकांची आणि शिक्षकांच्या रजांची इतकी कामे पडलेली असतात की ते बिलावर मंजुरीची सही करून पुढच्या कागदाकडे वळतात, आणि रिकाम्या इमारतीत वीज खाल्ली कोणी, हा प्रश्न दप्तरात तसाच बंद होतो.

या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचे एक शास्त्र आहे. त्याला ऊर्जा लेखापरीक्षण म्हणतात. कार्यालयांतून 'एनर्जी ऑडिट' हे नाव अधिक रूढ आहे. पैशांचा जमाखर्च तपासून घेण्याचा शिरस्ता आपल्या शिक्षणसंस्थांत फार जुना आहे, आणि वर्षाअखेरीस हिशेबनीस बसवून पावतीन् पावती पडताळून घेतल्याखेरीज कोणतीही प्रतिष्ठित संस्था आपला ताळेबंद सभेपुढे ठेवीत नाही. मात्र त्याच संस्थेची वीज कोणत्या खोलीत, कोणत्या यंत्रात आणि दिवसाच्या कोणत्या प्रहरी खर्च होते याची नोंद बहुधा कोठेच नसते.

बिलाची फोड

प्रथम बिलाकडेच नीट पाहिले पाहिजे, कारण कोड्याचा एक तुकडा तेथेच दडलेला असतो. महावितरणच्या बिलावर स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार अशा निरनिराळ्या बाबी छापलेल्या असतात. त्यांपैकी वीज आकार आणि वहन आकार हे वापरलेल्या युनिटांवर अवलंबून असतात. स्थिर आकार मात्र जोडणी घेतली आहे एवढ्याच कारणाने द्यावा लागतो, मग महिनाभर एक दिवाही लागो वा न लागो. मोठ्या जोडणीच्या बाबतीत हा आकार करार मागणीशी, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त किती वीज खेचली जाईल याविषयी ग्राहकाने वीजकंपनीशी केलेल्या कराराशी, निगडित असतो. इमारत बांधली त्या वेळी पुढेमागे वातानुकूलित सभागृह होईल या आशेने कोणी हा आकडा वाढवून घेतला असेल आणि ते सभागृह अद्याप झाले नसेल, तर त्या आशेचे भाडे संस्था दरमहा भरीत असते.

दुसरी बाब वर्गवारीची. शाळांसाठी 'सार्वजनिक सेवा' अशी स्वतंत्र वर्गवारी आहे आणि तिचे दर वाणिज्यिक दरांहून निराळे आहेत. तेव्हा एखाद्या जुन्या जोडणीवर चुकून वाणिज्यिक दर लागलेला असेल तर प्रत्येक युनिटामागे संस्थेचे नुकसान होत राहते. म्हणूनच लेखापरीक्षक आला की प्रथम एक-दोन वर्षांची बिले मागवितो आणि त्यांतील मंजूर भार, वर्गवारी व नोंदलेली कमाल मागणी यांची प्रत्यक्ष वापराशी रुजवात घालतो. या कामी एकही स्क्रू फिरवावा लागत नाही, आणि तरीही काही शाळांना पहिला लाभ येथेच होतो.

वॅट आणि तास

कोड्याचा मोठा तुकडा मात्र इमारतीतच सापडतो, आणि तो समजण्यासाठी एक साधा भेद लक्षात घ्यावा लागतो. वॅट हे वीज किती वेगाने खर्च होत आहे याचे माप. युनिट हे एकूण किती खर्च झाली याचे. हजार वॅटचे उपकरण एक तास चालले म्हणजे एक युनिट होते, आणि शंभर वॅटचे उपकरण दहा तास चालले तरीही एकच युनिट होते. आपली नजर नेहमी मोठ्या वॅटांकडे जाते, तासांकडे जात नाही, आणि येथेच फसगत होते. अंगणातल्या रांजणातून कोणी घागर भरून पाणी उपसले तर घरातली वडीलधारी माणसे लगेच हटकतात, परंतु त्याच रांजणाच्या बुडाला केसाएवढी चीर गेलेली असेल तर दिवसरात्र झिरपणारे पाणी मातीत मुरून जाते आणि सकाळी रांजण रिता का, याचा कोणाला उलगडा होत नाही. शाळेतली वीज मुख्यतः अशाच चिरांतून जाते.

आकडे पाहावेत. छताचा जुना पंखा सुमारे ७५ वॅटचा असतो. शाळेच्या सहा तासांत तो अर्ध्या युनिटाहूनही कमी वीज घेतो. याउलट केवळ ६० वॅटचे एखादे उपकरण अहोरात्र चालू राहिले तर ते दिवसाला जवळजवळ दीड युनिट, म्हणजे तीन पंख्यांइतकी वीज घेते, आणि रविवार, दिवाळी, मे महिना यांपैकी कशाचीही सुटी ते पाळीत नाही. पिण्याच्या पाण्याचा कूलर, संगणककक्षातील यूपीएस, पडदा काळा झाला तरी आतून जागे असलेले संगणक, कॅमेऱ्यांची यंत्रणा, इंटरनेटची पेटी, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र, जिन्यातले न मालवलेले दिवे, अशी ही बिनबोभाट खाणारी मंडळी असतात. यूपीएस तर कोणतेही काम नसताना केवळ स्वतःला आणि आपल्या बॅटरीला सज्ज ठेवण्यासाठी शे-दोनशे वॅट खर्च करू शकतो. या सर्वांची बेरीज दीड किलोवॅट झाली, तर दिवसाला ३६ आणि तीस दिवसांच्या महिन्याला १,०८० युनिटे होतात. एकही मूल वर्गात आलेले नसते. लेखापरीक्षक या अखंड वाहणाऱ्या भाराला पायाभार म्हणतात.

शाळेच्या बाबतीत हा पायाभार विशेष महत्त्वाचा ठरतो, याचे कारण शाळेच्या कालमानात आहे. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० आणि सहावी ते आठवीसाठी किमान २२० कामाचे दिवस ठरवून दिले आहेत. दिवसाला सहा तास धरले तर दोनशे दिवसांचे बाराशे तास होतात. वर्षात तास असतात ८,७६०. म्हणजे वर्षातल्या दर सात तासांपैकी जेमतेम एक तास शाळेत शिकविणे चालते आणि उरलेले सहा तास इमारत रिकामी असते. या एकाच प्रमाणावरून पुढची बरीच गणिते उलगडतात.

तपासणी कशी चालते

भारतात या विद्येला कायद्याचा आधार ऊर्जा संवर्धन अधिनियम, २००१ याने दिला. त्यान्वये १ मार्च २००२ रोजी केंद्रात ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो स्थापन झाला, आणि ऊर्जा लेखापरीक्षक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय पातळीवरील प्रमाणपत्र परीक्षा सुरू झाली. महाराष्ट्रात या अधिनियमाची अंमलबजावणी पुण्याच्या महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरणाकडे, म्हणजे 'महाऊर्जा'कडे आहे. सक्तीचे लेखापरीक्षण कायद्याने मोठ्या वीजखाऊ उद्योगांवर व नामनिर्देशित ग्राहकांवर लादलेले आहे. सामान्य शाळेवर ते लादलेले नाही. शाळेने ते स्वेच्छेने करून घ्यावयाचे असते, आणि म्हणूनच ते का करावे हे पटणे अगत्याचे आहे.

तपासणीचे साधारणतः दोन टप्पे असतात. प्राथमिक तपासणीत लेखापरीक्षक बिले वाचतो, इमारतीतून खोलीखोलीने फिरतो, दिवे, पंखे, मोटारी यांची यादी करतो, शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांशी बोलतो आणि ढोबळ निष्कर्ष काढतो. सविस्तर तपासणीत तो मोजमाप करतो: विद्युतवाहक तारेभोवती नुसती पकड बसवून प्रवाह दाखविणारा क्लॅम्प मीटर, बाकावर पडणारा उजेड मोजणारा लक्स मीटर, पृष्ठभागाची उष्णता दुरून टिपणारा कॅमेरा, आणि मुख्य पॅनेलवर आठवडाभर बसून दर काही मिनिटांनी भार लिहून ठेवणारे नोंदयंत्र ही त्याची हत्यारे. या शेवटच्या यंत्राने काढलेला आलेख पाहणे हा मोठा बोधप्रद अनुभव असतो. सकाळी शाळा भरताना चढणारी रेघ, मधल्या सुटीत अपेक्षेप्रमाणे न उतरणारी रेघ, आणि रात्री दोन वाजताही जमिनीला न टेकणारी रेघ पाहिली की संस्थाचालकांना वेगळे काही सांगावे लागत नाही.

हे काम शाळेतल्याच एखाद्या हौशी शिक्षकाने का करू नये, असा प्रश्न रास्त आहे, आणि त्यातला यादी करण्याचा व मीटर वाचण्याचा भाग शिक्षकाने व विद्यार्थ्यांनी अवश्य करावा. परंतु विजेचे पॅनेल उघडणे हे परवानाधारक माणसाचेच काम आहे. ढिला पडून तापलेला सांधा किंवा नादुरुस्त अर्थिंग शोधणे हा त्याच तपासणीचा भाग असतो, आणि तेथे प्रश्न पैशांचा नसून मुलांच्या सुरक्षिततेचा असतो. शिवाय परीक्षक त्रयस्थ असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पंखे, दिवे किंवा सौर पॅनेल विकणारा व्यापारी जेव्हा 'मोफत ऑडिट' करून देतो, तेव्हा त्याच्या अहवालात त्याच्या दुकानातला मालच सर्व रोगांवरचा उपाय म्हणून येणार, यात त्या व्यापाऱ्याचा दोष नाही. पण संस्थेने त्या कागदाला लेखापरीक्षण समजू नये.

दिव्यांचे एक उत्तर, पंख्यांचे दुसरे

आता लेखापरीक्षकाच्या गणिताचा नमुना पाहू, कारण त्यातच या शास्त्राचे मर्म आहे. जुन्या पद्धतीची ४० वॅटची ट्यूब तिच्या चोकसह सुमारे ५५ वॅट घेते. तेवढाच किंवा अधिक उजेड देणारी एलईडी पट्टी २० वॅटची असते. फरक ३५ वॅटांचा. वर्षाला बाराशे तास धरले तर ४२ युनिटे वाचतात, आणि सर्व आकार मिळून युनिटाला दहा रुपये पडतात असे गृहीत धरल्यास ४२० रुपये. पट्टी तीनशे रुपयांची असेल तर वर्षाच्या आतच पैसे वसूल होतात.

पंख्यांचे तसे नाही. बीएलडीसी जातीचा, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाने व कायमचुंबकाने फिरणारा, नवा पंखा ३० वॅटमध्ये चालतो. जुना ७५ वॅट घेतो. बचत ४५ वॅट, म्हणजे दिव्यापेक्षा जास्त. दुकानातल्या जाहिरातीत हाच फरक मोठ्या अक्षरांत लिहिलेला असतो, आणि बारा-पंधरा तास पंखा लावणाऱ्या घरात तो दोन-तीन वर्षांत फिटतोही. शाळेत मात्र बाराशे तासांत ५४ युनिटे, म्हणजे ५४० रुपयेच वाचतात, आणि पंख्याची किंमत तीन हजार धरली तर वसुलीला साडेपाच वर्षे लागतात. हिवाळ्यात पंखे बंद असतात हे जमेस धरले तर त्याहूनही अधिक. याचा अर्थ नवा पंखा घेऊ नये असा नव्हे. अर्थ असा की शंभर-दीडशे चालू पंखे एका फटक्यात उतरविण्याऐवजी कार्यालय, शिक्षककक्ष, ग्रंथालय आणि दोन पाळ्यांत भरणारे वर्ग येथे आधी नवे पंखे लावावेत, आणि इतरत्र जुना पंखा जळाला की त्याची मोटार पुन्हा गुंडाळून न घेता त्याच्या जागी नवा आणावा. १ जानेवारी २०२३ पासून छताच्या पंख्यांवर तारांकित कार्यक्षमतेची पट्टी सक्तीची झाली असल्याने खरेदी करताना तुलना करणे आता सोपे आहे. कोणती गोष्ट आधी आणि कोणती नंतर, हे ठरविणारा असा क्रम हेच लेखापरीक्षणाचे खरे फळ होय. उपकरणांची नावे तर कोणत्याही दुकानात मिळतात.

दिव्यांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लेखापरीक्षकाच्या ध्यानी येते, ती मीटर पाहून कधीच कळली नसती. भर दुपारी, बाहेर लख्ख ऊन असताना, वर्गाच्या खिडक्या बंद असतात आणि सर्व ट्यूबा चालू असतात. हे निष्काळजीपणाचे लक्षण आहे असे कोणालाही वाटेल. पण मागच्या बाकावर बसून पाहिले की कळते, खिडकीतून येणारा प्रकाश फळ्यावर चकाकतो आणि अक्षरे दिसत नाहीत, म्हणून मुलांनीच खिडकी लावून घेतलेली असते. शिवाय बहुतेक वर्गांत सर्व दिवे एकाच बटनावर किंवा खिडकीला काटकोनात जोडलेले असतात, त्यामुळे खिडकीजवळची रांग मालवून आतल्या अंधाऱ्या बाजूचीच रांग लावण्याची सोय नसते. वाचन-लेखनासाठी बाकावर सुमारे ३०० लक्स उजेड पुरेसा मानतात. खिडकीजवळच्या बाकावर तो दिवसा निसर्गतःच मिळतो, भिंतीकडच्या बाकावर मिळत नाही. तेव्हा फळ्याची चकाकी घालविणे, खिडकीवर उभ्या पट्ट्यांचा आडोसा करणे आणि दिव्यांच्या रांगा खिडकीला समांतर जोडून प्रत्येकीला स्वतंत्र बटन देणे, ही वायरमनची एका दिवसाची कामे असून त्यांनी नव्या उपकरणांइतकीच बचत साधते आणि मुलांचे डोळेही वाचतात.

वरच्या मजल्याचा ताप

पंखा हवा थंड करीत नाही, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असूनही व्यवहारात आपण ती विसरतो. तो अंगावरचा घाम लवकर वाळवितो आणि म्हणून आपल्याला गारवा वाटतो. रिकाम्या वर्गात फिरणारा पंखा कोणालाही गारवा देत नाही, उलट त्याच्या मोटारीची उष्णता तेवढी खोलीत भर घालते. भरलेल्या वर्गात बसलेले प्रत्येक मूल स्वतः सत्तर-पंचाहत्तर वॅट उष्णता सोडीत असते, म्हणजे पन्नास मुलांचा वर्ग हा साडेतीन किलोवॅटहून अधिक उष्णतेचा उगम असतो. ही उष्णता आणि मुलांच्या उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जाण्यासाठी वाऱ्याला आरपार वाट हवी. जुन्या दगडी शाळांना उंच छत, भिंतीत वर झरोके आणि भोवती पडवी असे, त्यामागे हाच विचार होता. आजच्या ठेंगण्या छताच्या सिमेंटच्या वर्गांत झरोके पुठ्ठा लावून बुजविलेले दिसतात.

सर्वांत वरच्या मजल्यावर याखेरीज गच्चीचा स्लॅब असतो. वैशाखातल्या उन्हात काळवंडलेल्या गच्चीचा पृष्ठभाग साठ अंशांच्याही वर तापू शकतो, आणि ती उष्णता सिमेंटच्या जाडीतून हळूहळू उतरत काही तासांनी खालच्या बाजूस पोचते. म्हणून दुपारच्या पाळीच्या मुलांना सूर्य कलल्यावरही छतातून झळ लागते, आणि पंखा नेमकी छतालगतची तापलेली हवाच खाली ढकलीत राहतो. गच्चीला पांढरा परावर्तक रंग दिला, पांढऱ्या चिनी मातीच्या तुकड्यांची फरशी केली, किंवा नुसता चुना दरवर्षी उन्हाळ्यापूर्वी मारला, तरी ऊन आत शिरण्याआधीच मोठ्या प्रमाणात परत फिरते. विदर्भात उन्हामुळे शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात; तेथील पत्र्याच्या किंवा उघड्या स्लॅबच्या वर्गांना हा उपाय प्रथम लागू केला पाहिजे, कारण तेथे प्रश्न विजेचाच नसून मुलाला वर्गात बसवते की नाही याचा आहे. संगणककक्षाला वातानुकूलन असेल तर तोही याच मजल्यावर नसावा, आणि यंत्र २४ अंशांच्या खाली उतरवू नये. २०२० पासून तारांकित यंत्रे मुळात याच अंशावर सुरू होतील अशी तजवीज केंद्राने केलेली आहे.

पाण्याच्या पंपाची कैफियत

पंपाची परीक्षा करण्याची रीत मोठी सुंदर आहे, कारण तेथे निसर्गनियमच प्रमाण म्हणून हाताशी असतो. दहा हजार लिटर पाणी पंधरा मीटर उंच चढविण्यास गुरुत्वाकर्षणाच्या हिशेबाने केवळ ०.४१ युनिट ऊर्जा लागते. पंप व मोटार मिळून चाळीस टक्के कार्यक्षम धरले तरी साधारण एक युनिट पुरावे. टाकी भरेपर्यंत मीटरवर तीन युनिटे चढली, तर दोष पंपात, नळात किंवा गळतीत आहे हे निःसंशय सिद्ध होते. गळका फूट व्हॉल्व्ह, वारंवार गुंडाळून क्षीण झालेली मोटार, अर्धवट मिटलेला व्हॉल्व्ह, टाकीला तरंगता गोळा नसल्याने गच्चीवर वाहून जाणारे पाणी, ही नेहमीची कारणे. त्यांत वीज आणि पाणी दोन्ही जातात.

चौकट: शनिवार ते सोमवार

लेखापरीक्षक येण्यापूर्वी कोणत्याही शाळेला करता येईल अशी ही चाचणी आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर, समजा दुपारी एक वाजता, सर्व वर्ग बंद झाल्याची खातरजमा करून मीटरवरचा युनिटांचा आकडा वहीत लिहावा. सोमवारी सकाळी सात वाजता, कोणतेही बटन दाबण्यापूर्वी, पुन्हा लिहावा. मधले तास ४२. दोन आकड्यांतील फरकाला ४२ ने भागले की पायाभार किलोवॅटमध्ये मिळतो. फरक ६३ युनिटांचा आला तर पायाभार दीड किलोवॅट. बिलावर 'गुणक अवयव' एकाहून अधिक असेल तर फरकाला त्याने आधी गुणावे. पुढच्या आठवड्यात कूलर बंद ठेवून, त्यापुढच्या आठवड्यात यूपीएस बंद ठेवून तीच चाचणी करावी. कोणती चीर किती मोठी, हे विद्यार्थीच सांगतील. कॅमेऱ्यांची व आगीची सूचना देणारी यंत्रणा मात्र बंद करू नये.

न खर्चलेल्या विजेची मोजणी

वापरलेली वीज मीटरवर उमटते. वाचलेली वीज कोणत्याही मीटरवर उमटत नाही. ही या शास्त्रातली खरी अडचण आहे आणि अप्रामाणिक अहवालांचे मूळही तिच्यातच आहे. यंदाचे बिल गेल्या वर्षीपेक्षा कमी आले म्हणून बचत झाली असे म्हणता येत नाही, कारण यंदा पाऊस लवकर आला असेल, एक तुकडी बंद झाली असेल. आणि बिल वाढले म्हणून उपाय फसला असेही म्हणता येत नाही, कारण मध्यंतरी नवी प्रयोगशाळा सुरू झाली असेल, किंवा केवळ दर वाढले असतील. म्हणून तुलना रुपयांची न करता युनिटांची करावी लागते, आणि ती करताना उपाय केलेच नसते तर या वर्षाच्या हवामानात, या पटसंख्येला आणि या तासांना किती युनिटे लागली असती, याचा अंदाज आधीच्या किमान वर्षभराच्या नोंदींवरून बांधावा लागतो. त्या अंदाजातून प्रत्यक्ष वापर वजा जाता जे उरते ती बचत. आधीच्या नोंदी नसतील तर हा हिशेब मांडताच येत नाही. यासाठी दरमहा ठरलेल्या तारखेला मीटर लिहिण्याची वही शाळेत आजपासून असली पाहिजे.

कमी वीज म्हणजे कार्यक्षमता नव्हे

येथे एक गैरसमज दूर करणे मला अत्यंत आवश्यक वाटते. आपल्या जिल्हा परिषदांच्या कित्येक शाळांत विजेचा खप अत्यल्प आहे, आणि थकलेल्या बिलापोटी जोडणी तोडल्याच्या बातम्याही येत असतात. अशा शाळेचे बिल आदर्श मानावयाचे काय? पावसाळ्यात अंधारलेल्या वर्गात पुस्तकावर पुरता उजेड नाही, उन्हाळ्यात वारा नाही, मिळालेला संगणक खोक्यातच आहे. तेथे वीज वाचलेली नसून मुलांचे शिक्षण कमी झालेले आहे. कार्यक्षमता म्हणजे त्याच विजेत अधिक काम, किंवा तेच काम कमी विजेत. प्रामाणिक लेखापरीक्षक अशा शाळेत दिवे वाढवावयास सांगतो, आणि ते एलईडीचे असल्याने वाढूनही बिल झेपेल एवढे राहील, हेही आकड्यांनी दाखवितो. वातानुकूलित वर्गांच्या शाळांतही हेच तत्त्व उलट बाजूने लागू होते: गारवा टिकावा म्हणून खिडक्या घट्ट लावून घेतल्या तर वर्गातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण, जे बाहेरच्या हवेत दशलक्ष भागांत सुमारे ४२० असते, ते पाहता पाहता हजाराच्या पुढे जाते आणि मुले पेंगू लागतात. मुलांच्या श्वासातून वाचविलेले युनिट बचतीत धरता येणार नाही.

सौर पॅनेल केव्हा बसवावे

आज पुष्कळ संस्था पहिले पाऊल म्हणून गच्चीवर सौर पॅनेल बसविण्याचा ठराव करतात. हेतू स्तुत्य आहे. क्रम चुकीचा आहे. महाराष्ट्रात एक किलोवॅटचे पॅनेल सरासरीने दिवसाला सुमारे चार, म्हणजे वर्षाला सुमारे १,४०० युनिटे देते आणि त्याला साधारण शंभर चौरस फूट सावलीविरहित जागा लागते. वर्षाला २४,००० युनिटे वापरणाऱ्या शाळेला याप्रमाणे सतरा किलोवॅटचे पॅनेल हवे. पायाभार, दिवे आणि पंप यांची दुरुस्ती करून तोच वापर १६,००० वर आणला तर साडेअकरा किलोवॅट पुरते. जी चीर बुजविता आली असती ती तशीच ठेवून तिच्यातून वाहण्यासाठी अधिक वीज निर्माण करणे, हा सार्वजनिक पैशाचा योग्य विनियोग नव्हे. शिवाय गच्चीचे जलरोधन आणि पांढरा लेप पॅनेलांचे पाय रोवण्यापूर्वीच करून घ्यावा लागतो. नंतर ते काम दुप्पट खर्चाचे होते.

अहवाल आल्यावर

लेखापरीक्षणाचा अहवाल सुबक बांधणीत येतो, संस्थेच्या सभेत त्याची नोंद घेतली जाते आणि मग तो कपाटात जातो. बहुतेक अहवालांची गती हीच होते, आणि यात लेखापरीक्षकाचा वा शास्त्राचा दोष नसतो. अहवालातल्या शिफारशी सहसा तीन प्रकारच्या असतात. काहींना खर्च लागतच नाही: कोणत्या वेळी कोणी काय बंद करावयाचे, यूपीएसची कळ शनिवारी कोणी खाली करावयाची, करार मागणी कमी करण्याचा अर्ज कोणी लिहावयाचा. काहींना थोडका खर्च लागतो आणि तो वर्ष-दोन वर्षांत फिटतो. उरलेल्यांना भांडवल लागते, त्यांसाठी देणगी, अनुदान किंवा बचतीतून परतफेड घेणाऱ्या ऊर्जासेवा कंपन्यांचा करार असे मार्ग आहेत. पहिल्या प्रकारच्या शिफारशी अमलात आणण्यास कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नसताना त्याच सर्वाधिक मागे पडतात, कारण त्यांच्यापुढे कोणाचे नाव लिहिलेले नसते.

तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना आणि शिक्षणसंस्थांच्या चिटणिसांना माझी विनंती आहे. महाऊर्जाकडे नोंदलेल्या लेखापरीक्षकांची यादी मागवून घ्यावी, त्यांतील ज्याचा उपकरणांच्या विक्रीशी संबंध नाही अशास नेमावे, नेमताना एक भेट रात्रीची असावी अशी अट घालावी, आणि अहवाल हाती आल्यावर समितीच्या लगेचच्या बैठकीत त्यातल्या बिनखर्चाच्या प्रत्येक शिफारशीपुढे एका माणसाचे नाव व एक तारीख लिहून इतिवृत्तात तिची नोंद करावी.